समेवर कोणी येईना

परदेशी कलावंतांच्या कार्यक्रमाआधी आपल्याकडे एक देशी कार्यक्रम असतो. तो पत्रिकेत छापलेला नसतो, पण चुकलेला कोणी पाहिला नाही. त्यात दीपप्रज्वलन असतं, प्रास्ताविक असतं, 'मी आपला फार वेळ घेणार नाही' असं म्हणून तो घेणारे पाहुणे असतात आणि शेवटी शाल-श्रीफळ. स्पेनहून पुण्यात आलेल्या फ्लामेंको मंडळींना याची कल्पना कोणी दिली नसावी. पत्रिकेत साडेसहा म्हणजे साडेसहा, अशा भाबड्या समजुतीने ती सव्वासहापासून विंगेत नटूनथटून उभी होती. वक्तशीरपणासाठी स्पेन काही जगात प्रसिद्ध नाही. पण त्या संध्याकाळी आमच्या आयोजकांपुढे तो देश थेट जर्मनी ठरला.

पहिला पेच पडला तो समईपाशी, बुटांवरून. आपल्याकडे रंगमंच म्हणजे नटराजाची जागा. कथकची मुलगी तिथे पाऊल टाकण्याआधी वाकून नमस्कार करते आणि चपला विंगेबाहेरच राहतात. इथे तर बूट हेच बाईंचं वाद्य. फ्लामेंकोच्या बुटाला चवड्याखाली आणि टाचेखाली बारीक खिळे ठोकलेले असतात, अगदी दाटीवाटीने. आपल्याला जो कडकडाट ऐकू येतो तो त्या खिळ्यांच्या डोक्यांचा. नेमकी विंगेतल्या भिंतीवर पाटी होती आणि आमच्या बाजूच्या खुर्च्यांतून ती स्पष्ट वाचता येत होती : 'रंगमंचावर खिळे ठोकण्यास सक्त मनाई आहे. अनामत रक्कम जप्त होईल.' एका कार्यकर्त्याने पाटीकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं आणि "मॅडम, शूज प्लीज" म्हणून हात जोडले. मॅडमनी निमूटपणे बूट काढले आणि अनवाणी पुढे आल्या.

आता राहिला घोळ. 'बाता दे कोला' नावाचा त्यांचा जो झगा असतो त्याला मागे झालरींवर झालरी लावलेलं लांबलचक शेपूट असतं. चांगलं वजनदार. नाचताना ते पायाने उडवून, वळवून पुन्हा जागेवर आणायचं, ही एक स्वतंत्र विद्या आहे आणि ती शिकण्यात वर्षं जातात. पण त्या विद्येत समईचा विचार केलेला नाही. बाई मेणबत्ती घेऊन वाकल्या आणि पाच वाती व झालरींचे थर यांच्यात वीतभर अंतर उरलं, तेव्हा सभागृहाने जो श्वास रोखला तसा पुढे कितीतरी वेळ कुठल्याच नृत्याला रोखला नाही. कार्यकर्ता पाण्याची बाटली उघडून तयारीत होता. त्याच्या चेहऱ्यावर, प्रसंग न आल्यामुळे, किंचित निराशा दिसली.

सत्कारात गिटारवाल्याने डावा हात पुढे केला. माझ्या पलीकडच्या खुर्चीतल्या आजींना ते मुळीच आवडलं नाही. "डाव्या हाताने घेतलंन हो श्रीफळ!" पण त्या बिचाऱ्याचा इलाज नव्हता. फ्लामेंको गिटारीचं सगळं उजव्या हाताच्या नखांवर चालतं. नखं वाढवायची, घासायची, मोडू नयेत म्हणून त्यांवर लेप चढवायचे आणि हस्तांदोलन करू पाहणाऱ्या थोरामोठ्यांपासून ती जपायची. प्रमुख पाहुणे हात दाबून अभिनंदन करणाऱ्यांपैकी होते. दोघांत काही क्षण जी झटापट झाली तीत शेवटी नखं वाचली आणि नारळ पडला. तो घरंगळत एका लाकडी खोक्यापर्यंत गेला. त्या खोक्यावर कार्यकर्त्यांनी शालींचं तबक ठेवलं होतं. एक तरुण घाईघाईने आला, तबक अदबीने खाली ठेवलं आणि स्वतःच त्या खोक्यावर बसला. तेव्हा कळलं की ते वाद्य आहे.

त्याचं नाव काहोन. वर बसायचं आणि पुढच्या पातळ फळीवर हातांनी वाजवायचं. 'पुरातन परंपरेतलं वाद्य' अशी त्याची ओळख करून देण्यात आली. ते पुरातन आहे खरं, पण पेरूमध्ये. तिथल्या आफ्रिकन गुलामांनी मालाच्या खोक्यांवर ताल धरला, त्यातून ते घडलं. फ्लामेंकोत ते आलं १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात, जेव्हा गिटारचा बादशहा पाको दे लुसिया पेरूच्या दौऱ्यावर ते ऐकून खूश झाला आणि सोबत घेऊन आला. म्हणजे सभागृहातल्या निम्म्या प्रेक्षकांपेक्षा या परंपरेचं वय कमी. पण आज काहोनशिवाय फ्लामेंको म्हटलं तर लोक विचारतील, 'मग काय उरलं?' पेटी विलायतेहून आली हे आपण तरी कुठे लक्षात ठेवलंय?

मग प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. "हे नृत्य मुळात आपलंच आहे! आपल्या राजस्थानातून तिकडे गेलं. हे कथकच आहे!" कडाडून टाळी. एखादी गोष्ट मुळात आपली आहे असं सांगितलं की आपल्याकडे टाळी ठरलेली.

यात तथ्य आहे, पण भाषणात होतं तेवढं नाही, आणि जेवढं आहे ते टाळ्या वाजवण्यासारखं नाही. फ्लामेंको घडवण्यात ज्यांचा मोठा हात आहे ते स्पेनचे हितानो, म्हणजे तिथले रोमा लोक. त्यांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून बाहेर पडले, हे त्यांच्या भाषेवरून आणि जनुकांवरून दिसतं. इराण, अनातोलिया, बाल्कन असं पिढ्यान्पिढ्या सरकत ते स्पेनला पोचले. तिथली त्यांची पहिली नोंद १४२५ची, आरागॉनच्या राजाने दिलेल्या प्रवासाच्या परवान्याची. पाहुणचार फार टिकला नाही. १४९९मध्ये फर्मान निघालं : साठ दिवसांत ठाव धरा, कामधंद्याला लागा, नाहीतर देश सोडा. १७४९च्या जुलैमध्ये तर देशभर एकाच वेळी धरपकड करून हजारो हितानोंना बायकापोरांसकट डांबलं. सेवियाच्या त्रियाना वस्तीत, कादिस आणि हेरेसच्या गल्ल्यांत जे उरले-सावरले, त्यांचं दुखणं अंदालुसियाच्या लोकगाण्यात, अरबी अमदानीपासून मुरलेल्या सुरांत आणि अमेरिकेहून जहाजांतून आलेल्या तालांत मिसळत गेलं. यातला कुठला भाग आपला म्हणायचा? आज आपण पाहतो तो कथक लखनौ-जयपूरच्या दरबारांत घडला, हे लोक निघून गेल्यावर कैक शतकांनी. पायांची तडतड दोघांत आहे, गिरक्या दोघांत आहेत, नातं नाकारायचं काहीच कारण नाही. पण आळीतून परागंदा झालेल्या घराची कधी चौकशी करायची नाही, आणि त्यांचं पोर बोर्डात आलं की 'आमच्याच आळीतलं' म्हणून पेढे मागायचे, त्यातली ही गत. २०१०मध्ये युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला, म्हणजे पोर बोर्डात आलेलंच आहे.

असो. दिवे मंद झाले.

खुर्चीवर बसलेल्या एका चांगल्या भरभक्कम गृहस्थाने डोळे मिटले, तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि "आऽऽऽय" असा टाहो फोडला. आजी दचकून म्हणाल्या, "काय दुखतंय त्यांना?" शब्द सुरू करण्याआधी गळा तापवायची ही रीत. आपल्याकडे तिथे आलाप असतो. पण आपला गवई खर्जातून सावकाश, दार लोटत आत येतो. हा माणूस दार मोडूनच आत आला. आवाज खरखरीत, कडेला फाटलेला. फ्लामेंकोत हा दोष नाही, मोठेपणा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एल फियो नावाच्या गवयाचा गळा असा होता, तर त्या जातीच्या आवाजाला त्याचंच नाव पडलं. बालगंधर्वांच्या गोडव्यावर पोसलेल्या कानांना हे पचायला वेळ लागतो. पुढच्या रांगेतल्या बाईंनी पर्समधून खडीसाखरेची पुडी काढली आणि ती मंचापर्यंत कशी पोचवावी या विवंचनेत बराच वेळ हातात धरून ठेवली. मला विचाराल तर तो आवाज मध्यावर आला तेव्हा अंगावर काटा उभा राहिला. शब्द एक कळत नव्हता. पण कोणाचं तरी काहीतरी कायमचं गेलंय, आणि ते परत मिळायचं नाही हे त्याला माहीत आहे, एवढं कळत होतं.

निवेदन करणारी मुलगी पुण्यात स्पॅनिश शिकलेली होती. तिने सांगितलं की पुढचा प्रकार सोलेआ, बारा मात्रांचा. 'बारा' ऐकताच माझ्या शेजारचे काका सावरून बसले. "म्हणजे एकताल," त्यांनी मला आणि मागच्या दोन रांगांना सांगितलं, आणि मांडीवर टाळी-खाली सुरू केली. धिं धिं धागे तिरकिट. पहिल्या आवर्तनाला प्रसन्न मुद्रा. दुसऱ्याला कपाळावर आठी. तिसरं संपता संपता ते माझ्या कानाशी आले : "अहो, समेवर कोणी येतच नाहीये."

काकांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. बारा दोन्हीकडे बाराच. पण एकतालाचे दोन-दोन मात्रांचे सहा विभाग, आणि सगळे रस्ते पहिल्या मात्रेला येऊन मिळणारे. सोलेआत वजन पडतं तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. आधी तिनाची चाल, मग मध्येच दोनाची. पहिल्या मात्रेवर काहीही नाही; ती आपली नावाला असते. वाक्य पुरं होतं दहावर. तिथे नर्तकी खाडकन टाच आपटून थिजते, गिटारवाला तारा दाबून धरतो, आणि पुढच्या मात्रा निवांत जातात. काका एकावर दणकून टाळी देऊन मान वर करत, तेव्हा मंडळी तीन मात्रांपूर्वीच मुक्कामाला पोचलेली असत. आयुष्यभर गवयांच्या समा पकडलेला माणूस तो. त्याने हार मानली नाही. "चुकतायत बिचारे," एवढंच म्हणाला.

मंचावर आणखी दोघे होते, त्यांच्या हाती वाद्य नव्हतं. त्यांचं काम टाळ्या वाजवणं. हे ऐकायला सोपं वाटतं. पण टाळ्या दोन जातींच्या : गाणं चालू असताना ओंजळ करून दबक्या, आणि पाय बोलू लागले की बोटं तळव्यावर मारून कडक. एकजण मात्रेवर वाजवतो, दुसरा दोन मात्रांच्या मधल्या फटीत. आणि मध्ये मध्ये 'ओले', 'आग्वा', 'वामोस' असं ओरडायचं. म्हणजे वेळेवर दाद देणारी माणसं ही मंडळी घरूनच घेऊन निघतात, विमानाच्या तिकिटासकट. आपल्याकडे हे काम श्रोते फुकट करतात.

निदान एरवी करतात. त्या दिवशी मात्र सभागृह शोकसभेला आल्यागत गप्प. समोर परदेशी माणूस दिसला की आपल्याला एकदम सभ्यपणा सुचतो. शास्त्रीय मैफलीत तिहाईच्या आधीच 'क्या बात है' म्हणून मोकळे होणारे लोक हात मांडीवर ठेवून, कार्यक्रम पत्रिका सरळ धरून बसले होते. चुकीच्या जागी दाद गेली तर? काय म्हणायचं असतं? 'ब्राव्हो' का 'ओले'? ओलेतला ए लांब का आखूड? एवढा विचार होईपर्यंत ती जागा निघून जायची.

खरं तर या बाबतीत पुणं आणि सेविया समवयस्क आहेत. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात उभं राहिलं ३१ ऑक्टोबर १८८०ला. सेवियात सिल्वेरिओ फ्रांकोनेत्ती या गवयाने स्वतःच्या नावाचं गाण्याचं कॅफे काढलं १८८१मध्ये. इकडे वन्समोअरवर वन्समोअर घेत रात्र उलटायची, तिकडे दारूच्या पेल्यांमध्ये बसून गिऱ्हाइकं गवयाला पेटवायची. दोन्हीकडे शिष्टांनी नाकं मुरडली. पुढे १९२२मध्ये संगीतकार मान्युएल दे फाया आणि तेव्हा विशीत असलेला कवी लोर्का यांनी ग्रानादाच्या आल्हाम्ब्रात गाण्याची स्पर्धा भरवली, तीही धंदेवाईक गवयांना दूर ठेवून. कारण काय, तर या कॅफेवाल्यांनी खरं गाणं बिघडवलं! पूर्वीसारखं गाणं आता राहिलं नाही, याबाबत ग्रानादा आणि सदाशिव पेठ यांचं एकमत व्हायला हरकत नसावी.

कोंडी फोडली ती आजींनी. नर्तकी एका जागी उभी राहून पायांनी बोलत होती. कंबरेच्या वर काही हलत नव्हतं, हातांची बोटं तेवढी उमलत-मिटत होती, आणि खाली टाचा-चवड्यांचा वेग असा वाढत गेला की आवाज सुटा ऐकूच येईना. दोन्ही टाळीवाले पुढे झुकले. मग एक गिरकी, एक आघात, आणि सगळं बंद. त्या शांततेत, बरोबर त्या फटीत, आजींच्या तोंडून खणखणीत निघालं, "अगं बाई!"

मंचावरचा गवई हसला. त्याने आजींच्या दिशेने पाहून मान लववली आणि "एसो एस!" असं परतवलं. एकाही टाळीवाल्याला त्या रात्री इतकी अचूक जागा सापडली नव्हती. त्यानंतर सभागृहाची भीड मोडली. मागून 'वा' आला, बाल्कनीतून 'क्या बात है' आलं, कोणी 'जियो' म्हणालं, आणि नाच दोन इंच वर उचलला गेला. हे मी भावनेच्या भरात सांगत नाही. नर्तकीने त्यानंतर जे काही केलं ते आधी राखून ठेवलेलं होतं हे कोणालाही दिसलं असतं.

थोड्या तक्रारीही होत्या. मागच्या रांगेतलं एक पोर दर दहा मिनिटांनी विचारत होतं, "पप्पा, सेन्योरिटा कधी?" 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' २०११ सालचा, त्यातलं ते गाणं अंदालुसियातल्या अलाहार गावात चित्रित झालं, आणि आपल्यापैकी पुष्कळांचं फ्लामेंकोचं शिक्षण तिथे सुरू होऊन तिथेच संपलं. एका गृहस्थांना बोटांतल्या कॅस्टानेट्स हव्या होत्या. त्या नाहीत म्हणजे मंडळी स्वस्तातली आणली, असं त्यांचं निदान. त्या टिकल्या जुन्या बोलेरो नाचाच्या आणि लोकनृत्यांच्या. मुरलेल्या फ्लामेंको नर्तकीला हात मोकळे लागतात. सर्वांत मोठा आघात म्हणजे मध्यंतर नव्हतं. तास-सव्वातास सलग. कँटीनवाल्याने अंदाजाने घाणा काढला होता आणि ऐन सेगिरियात, म्हणजे फ्लामेंकोतल्या सगळ्यांत शोकमग्न प्रकारात, बटाटावड्याचा वास दाराच्या फटीतून आत आला. काही लोकांचे डोळे पाणावले ते नक्की कशाने, सांगणं कठीण आहे.

शेवटी त्यांच्या रिवाजाप्रमाणे सगळे अर्धवर्तुळ करून उभे राहिले. जलद बुलेरिया सुरू झाली, आणि आतापर्यंत न नाचलेल्यांनी एकेक करून पुढे यायचं. खोकेवाला आला, गिटारवाल्याने गिटार ठेवून चार पावलं टाकली. मग तो भरभक्कम गवई आला. साठीचा, सुटलेलं पोट, कपाळावर घाम. त्याने कोटाची दोन्ही टोकं चिमटीत धरून जरा वर उचलली, तालाला थोडा वेळ नुसतंच जाऊ दिलं, मग तीन पावलं, एक खांदा, अर्धी गिरकी, आणि दहाव्या मात्रेवर उभा. बस्स. माझं मत विचाराल तर संध्याकाळचं सर्वोत्तम नृत्य तेच. नर्तकीने केलं ते वर्षानुवर्षांच्या मेहनतीचं होतं. याने केलं ते त्याच्या घरात लग्नाबारशाला चालत असावं. वन्समोअर पडला. त्यांना तो शब्द कळला नाही, पण अर्थ कळला, आणि गवई पुन्हा आला.

काका मात्र थेट मंचामागे गेले. निवेदिकेला मध्ये घालून त्यांनी गिटारवाल्याला गाठलं आणि सम मागितली. तो भला माणूस. त्याने टाळ्या देत मोजून दाखवलं : उन, दोस, उन, दोस, त्रेस, क्वात्रो, असं दहापर्यंत, आणि पुन्हा उन, दोस. नर्तक मंडळी सर्रास अशीच मोजतात. काकांनी बोटांवर धरलं आणि त्यांचा चेहरा पडला. "दहाच मोजतो हा. अकरा-बारा कुठे गेले?" निवेदिकेने समजावलं की सुरुवातीचे एक-दोन म्हणजेच ते अकरा-बारा. काका म्हणाले, "म्हणजे हे लोक शेवटापासून सुरू करतात." गिटारवाल्याला याचा अनुवाद ऐकून फार आनंद झाला. असं नेमकं आजवर कोणी सांगितलं नव्हतं, म्हणाला. या वेळी हात मिळवताना त्याने उजवा पुढे केला आणि काकांनीही तो जपून धरला.

तेव्हा फ्लामेंकोची मंडळी तुमच्या गावात आली तर जरूर जा. पुढच्या रांगेचा हट्ट धरू नका, तिथून घोट्याखालचं काही दिसत नाही, बाल्कनीत बसा. पोटात काहीतरी घालून जा. टाळ्यांनी ताल धरू नका, त्यासाठी त्यांनी पगारी माणसं आणलेली असतात. पण आतून दाद आली तर गिळू नका. 'ओले'च म्हटलं पाहिजे असं नाही. 'वा' चालतं, आणि 'अगं बाई' तर धावतं.